संगणक सुरू होत नाही? आधी कुलूप तपासा, मग फॉरमॅटचा विचार करा



दुकानात संगणक आला तेव्हा बहुतेकांनी त्याला बिल छापण्याचे यंत्र मानले. आज परिस्थिती वेगळी आहे. उधारीचे खाते, मालाचा साठा, जीएसटीची बिले, शिवणकामाची मापे, भरतकामाच्या मशीनची डिझाइने, फर्निचरचे नकाशे, फ्लेक्सच्या फाइली हे सारे त्याच एका डबीत असते. भोरची बाजारपेठ असो, नसरापूर असो, कापूरहोळ असो की पलीकडचे वेल्हे व पानशेत (वेल्हे तालुक्याला आता राजगड असे नाव मिळाले आहे), खातेवही लाल कापडातून निघून संगणकात गेली आहे. त्यामुळे सकाळी बटण दाबल्यावर संगणक सुरू झाला नाही, तर ते दुकानाचे कुलूप न उघडण्यासारखेच असते.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे. संगणक दुरुस्तीवाल्याकडे जातो, तो पाहतो आणि म्हणतो, "विंडोज उडाली, फॉरमॅट मारून देतो." अर्ध्या तासात संगणक नव्यासारखा चालू होतो, पण चार वर्षांची उधारी त्यातून गेलेली असते. या लेखाचा हेतू एवढाच सांगण्याचा आहे की, गेल्या काही वर्षांत संगणक सुरू न होण्याच्या तक्रारींत एक नवा प्रकार आला आहे. त्यात यंत्र बिघडलेले नसते आणि माहितीही गेलेली नसते. सुरक्षेचे कुलूप बसलेले असते. त्याची चावी शोधायची सोडून आपण दारच तोडतो आणि दारासोबत आतला मालही जातो.

हे कुलूप आले कोठून?

संगणक सुरू होताना सर्वांत आधी मदरबोर्डवरील एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या भाषेत त्याला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत त्याचे नाव यूईएफआय आहे. कीबोर्ड, स्मरणशक्ती व डिस्क जागेवर आहेत ना हे पाहून तो डिस्कवरील पुढच्या प्रोग्रामला हाक मारतो आणि तो प्रोग्राम विंडोजला उठवतो. या साखळीला 'बूट होणे' म्हणतात.

जुन्या काळी या साखळीत कोणी कोणाची तपासणी करीत नसे. चोरांनी नेमका त्याचाच फायदा घेतला. १९८६ सालचा 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो, तो फ्लॉपीच्या बूट करणाऱ्या भागातच जाऊन बसत असे. पुढे 'मायकेलअँजेलो' आला. दर ६ मार्चला जागा होऊन तो डिस्कवरील माहिती खराब करी. त्या काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर संगणक दुरुस्तीकडे वळले होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसचाच उपद्रव फार आढळू लागला, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिले. त्यातूनच आजची क्विक हील कंपनी उभी राहिली. कारागिराने आपल्या कामातली अडचण नीट पाहिली तर त्यातून उद्योग उभा राहतो, याचे हे आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण आहे.

या बूट व्हायरसवर कायमचा बंदोबस्त म्हणून २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था सर्वत्र आली. वेल्ह्याहून तोरणा चढणाऱ्यास ती चटकन समजेल. तेथे आधी बिनी दरवाजा लागतो, मग कोठी दरवाजा. पहिल्या दरवाज्यावर पारख झाल्याखेरीज दुसऱ्यापर्यंत जाता येऊ नये, अशी ती रचना आहे. सिक्युअर बूट हेच करते. प्रत्येक प्रोग्रामवर कंपनीची सही म्हणजे शिक्का आहे की नाही हे पाहते आणि नसेल तर त्याला पुढे सोडत नाही.

याच्या जोडीला दोन नावे लक्षात ठेवावीत. पहिले 'टीपीएम'. ही मदरबोर्डवरील किंवा प्रोसेसरमधील छोटी तिजोरी होय. इंटेलच्या यंत्रांत सेटिंगमध्ये तिचे नाव 'पीटीटी' असे दिसते, तर एएमडीच्या यंत्रांत 'एफटीपीएम'. दुसरे नाव 'बिटलॉकर'. हा डिस्कवरील सर्व माहिती सांकेतिक भाषेत करून ठेवतो. विंडोजच्या होम आवृत्तीत याच्याच साध्या रूपाला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. डिस्क उघडण्याची चावी टीपीएमच्या तिजोरीत असते. यंत्र नेहमीच्याच रीतीने सुरू झाले असे तिजोरीला दिसले तरच ती चावी देते. काही वेगळे दिसले की चावी रोखून धरते आणि मालकाला म्हणते, "तुमच्याजवळची दुसरी चावी दाखवा."

ही व्यवस्था चांगल्यासाठीच आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला यंत्र मिळते, पण आपले हिशेब व गिऱ्हाइकांची कागदपत्रे मिळत नाहीत. अडचण अशी की, हे कुलूप आपल्या घरात बसले आहे हेच पुष्कळ मालकांना ठाऊक नसते.

पहिला प्रश्न: काल काय बदलले?

संगणक अडला की कोणतेही बटण दाबण्याआधी पडद्यावरील मजकुराचा मोबाइलवर फोटो काढावा. मग शांतपणे आठवावे: काल आणि आज यांत काय बदलले? बायोस अपडेट झाले का? विंडोज ११ टाकण्यासाठी कोणी सेटिंग बदलली का? मदरबोर्ड, प्रोसेसर वा ग्राफिक कार्ड बदलले का? मोठा अपडेट आला का? यंत्रात पेनड्राइव्ह राहिला आहे का? यंत्र बरेच दिवस विजेविना बंद होते का? सुरक्षेच्या कुलपाचा बिघाड जवळजवळ नेहमी एखाद्या बदलानंतरच येतो. तो बदल सापडला की अर्धे काम झाले.

यापुढे मुख्य चार प्रकार क्रमाने पाहू.

प्रकार पहिला: निळा पडदा चावी मागतो

पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी' असे नाव येते व खाली ४८ अंकांची चावी मागितली जाते. हा व्हायरस नव्हे, खंडणीची मागणीही नव्हे. आपलेच कुलूप आपल्याला चावी मागत आहे.

कारणे बहुधा अशी असतात: सिक्युअर बूट बंद वा चालू केले गेले, बायोस अपडेट झाले, टीपीएम बंद झाले, मदरबोर्ड बदलला. आपल्या भागात आणखी एक कारण लक्षात ठेवावे. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. बायोसच्या सेटिंग्ज व घड्याळ तो सांभाळतो. सेल संपत आला असेल आणि पावसाळ्यात वीज बराच काळ गेली, तर काही यंत्रे सेटिंग्ज विसरून कारखान्यातून आली तशी होतात. त्यात टीपीएम किंवा सिक्युअर बूट बंद झाले की, दुसऱ्या दिवशी सकाळी निळा पडदा उभा! ओळखण्याची खूण सोपी आहे. बायोसमध्ये तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेली असेल तर दोष सेलचा आहे. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल बदलावा, तारीख व वेळ लावावी आणि सिक्युअर बूट व टीपीएम पूर्वीसारखे चालू करावे. पुष्कळदा एवढ्याने, चावी न घालताच, यंत्र निमूटपणे सुरू होते. बदललेली सेटिंग मूळ जागी नेणे हा म्हणूनच पहिला उपाय समजावा.

बायोसमध्ये जाण्यासाठी यंत्र चालू करताच विशिष्ट कळ वारंवार दाबावी लागते. जोडणी केलेल्या यंत्रांत बहुधा डिलीट, डेल व एसरमध्ये एफ २, एचपीमध्ये एफ १०, लेनोव्होमध्ये एफ १ किंवा एफ २.

येथे एक मोठा इशारा. बायोसमध्ये 'क्लिअर टीपीएम' असा पर्याय दिसतो. तो दाबू नये. दाबला की तिजोरीतील चावी कायमची पुसली जाते आणि मग ४८ अंकांखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. एएमडीच्या काही यंत्रांत प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस अपडेटनंतर काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: एफटीपीएम नव्याने करायचे असल्यास 'वाय' दाबा, जुने ठेवायचे असल्यास 'एन' दाबा. घाईत पुष्कळजण 'वाय' दाबतात. चावी हाती नसेल तर 'एन' दाबावे.

सेटिंग पूर्ववत करूनही पडदा जात नसेल तर ४८ अंकी चावी शोधावी. ती पुढील ठिकाणी असू शकते:

१. विंडोज ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली त्या खात्यात. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'एकेए डॉट एमएस' आणि तिरकी रेघ देऊन पुढे 'मायरिकव्हरीकी' असा पत्ता इंग्रजीत टाकावा व त्या ईमेलने आत जावे.
२. चावी पूर्वी छापून फायलीत लावली असेल तर तेथे.
३. एखाद्या पेनड्राइव्हवर जतन केलेल्या मजकुराच्या फायलीत.
४. यंत्र कंपनीचे, शाळेचे वा संस्थेचे असेल तर त्यांच्या संगणक विभागाकडे.

खात्यात एकाहून अधिक चाव्या दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. निळ्या पडद्यावर 'की आयडी' म्हणून काही अक्षरे दिसतात. त्यातील पहिली आठ अक्षरे ज्या चावीच्या आयडीशी जुळतात, तीच आपली.

चावी कोणाच्या खात्यात आहे?

हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराने आजच स्वतःला विचारावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्ट खाते जोडले, की डिस्कचे कुलूप बहुतेक यंत्रांत आपोआप लागते आणि चावी त्या खात्यात जाते. आता विचार करा, आपण लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात ईमेल कोणाचा टाकला होता? विकणाऱ्याने घाईत स्वतःचा टाकला असेल, पुतण्याने त्याच्या कॉलेजचा टाकला असेल, किंवा पूर्वीच्या नोकराचा असेल. म्हणजे दुकान आपले, माल आपला, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात! तो दुसरा कितीही प्रामाणिक असला तरी ईमेलचा पासवर्ड विसरणे ही त्याच्याही हातून घडणारी गोष्ट आहे.

मायक्रोसॉफ्टकडे तक्रार केली तरी हरवलेली चावी नव्याने बनवून मिळत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी तेथेही तीच चावी मागितली जाते. आणि अशी डिस्क फॉरमॅट केली तर डेटा परत आणणारी मोठी प्रयोगशाळाही हतबल ठरते. साध्या डिस्कवरील पुसलेली फाइल कधी कधी परत मिळते, कुलूपबंद डिस्कवरची मिळत नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

अकराचा हिशेब

चावी कागदावर उतरवून ठेवताना एक अंक चुकला तरी ती निरुपयोगी होते. यासाठी एक सोपी पारख आहे. ४८ अंक हे सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. समजा एक गट २३६८५२ आहे. ११ ने भागल्यास २१५३२ येतात, बाकी शून्य. म्हणजे गट बरोबर उतरला. उतरवताना अंकांची अदलाबदल होऊन २६३८५२ लिहिले गेले असते तर बाकी ६ उरली असती आणि चूक तेथेच सापडली असती. आठही गट कॅल्क्युलेटरवर असे तपासावेत. रोजमेळ जुळवणाऱ्यास हे पाच मिनिटांचे काम आहे.

प्रकार दुसरा: 'बूट डिव्हाइस सापडत नाही'

काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असा मजकूर येतो. दुरुस्तीवाला म्हणतो, हार्ड डिस्क गेली. कधी ती खरोखरच गेलेली असते. पण आदल्या दिवशी कोणी सिक्युअर बूट चालू केले असेल, तर कारण बहुधा वेगळे असते.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० व सिक्युअर बूट पेलणारे यंत्र लागते. त्यामुळे जुन्या यंत्रांत या सेटिंग्ज चालू करण्याची एकच घाई उडाली. परंतु जुन्या पुष्कळ यंत्रांत विंडोज 'लेगसी' पद्धतीने टाकलेली असते. तिच्या डिस्कची मांडणी 'एमबीआर' प्रकारची असते. सिक्युअर बूटला मात्र 'यूईएफआय' पद्धत व 'जीपीटी' मांडणी लागते. सेटिंग बदलताच नव्या पहारेकऱ्याला जुना दरवाजा दिसतच नाही आणि तो सांगतो, येथे काही नाही. माल आत सुखरूप असतो.

उपाय: बायोसमध्ये जाऊन 'सीएसएम' किंवा 'लेगसी' हा पर्याय पुन्हा चालू करावा व सिक्युअर बूट बंद करावे. विंडोज पूर्वीसारखी सुरू होईल. त्यानंतर आधी सर्व माहितीची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग विंडोज १० मध्ये २०१७ पासून असलेल्या 'एमबीआर टू जीपीटी' या साधनाने जाणकाराकडून मांडणी बदलून घ्यावी. हे साधन माहिती न पुसता काम करते. मांडणी बदलून झाल्यावरच यूईएफआय व सिक्युअर बूट चालू करावे. क्रम उलटा झाला की यंत्र अडते.

प्रकार तिसरा: 'सिक्युअर बूट व्हायोलेशन'

लाल चौकटीत 'इनव्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड' असे येते. याचा अर्थ पहारेकऱ्यासमोर शिक्का नसलेला कोणी आला आहे. आधी सर्व पेनड्राइव्ह काढावेत. विंडोज टाकण्यासाठी वापरलेला पेनड्राइव्ह यंत्रातच राहिला, हे याचे अगदी साधे कारण असते. त्याने न भागल्यास बायोसमध्ये बूटचा क्रम पाहावा, 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या जागी असावा. तरीही न भागल्यास सिक्युअर बूटच्या पानावर 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' हा पर्याय असतो. त्याने कारखान्यातील मूळ शिक्के परत येतात. डिस्कवर बिटलॉकर असेल तर हे करण्याआधी ४८ अंकी चावी हाती असावी, कारण शिक्के बदलले की तिजोरी चावी मागू शकते.

ज्यांच्या यंत्रात विंडोजबरोबर लिनक्सही आहे त्यांनी ऑगस्ट २०२४ ची गोष्ट माहीत करून घ्यावी. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटने जुने व असुरक्षित शिक्के रद्द केले. त्यात अनेकांचे लिनक्स अडले आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊ लागला. विंडोज मात्र चालत होती. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अपडेट करणे व नंतर ते पुन्हा चालू करणे हा मार्ग बहुतेकांनी धरला. मे २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो दोष दूर केला.

याच संदर्भात आणखी एक बाब. २०११ साली दिलेल्या सिक्युअर बूटच्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून दिली जातात. ती न मिळालेले यंत्र लगेच बंद पडत नाही, फक्त बूटच्या सुरक्षेतील पुढील सुधारणा त्याला मिळत नाहीत. तेव्हा 'मुदत संपली, नवा संगणक घ्या' असे कोणी भिववले तर घाबरू नये. अपडेट चालू ठेवावे.

प्रकार चौथा: राखणदारच आडवा येतो

कधी सेटिंग कोणीच बदललेली नसते. सुरक्षेचा प्रोग्राम किंवा अपडेट स्वतःच यंत्र अडवतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फायलीने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. परंतु ज्या यंत्रांवर बिटलॉकर होते तेथे आत शिरण्यासाठी आधी ४८ अंकी चावी लागली. ज्यांच्याकडे चाव्यांची नोंद होती त्यांचे काम लवकर झाले. नोंद शोधण्यात मोठमोठ्या कंपन्यांचेही दिवस गेले.

मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर इंटेलच्या काही विशिष्ट प्रोसेसरांवर निळा पडदा चावी मागू लागला. मायक्रोसॉफ्टने थोड्याच दिवसांत दुरुस्तीचा वेगळा अपडेट दिला. त्या काळात ज्यांनी घाईने फॉरमॅट केले त्यांनी माहिती गमावली. ज्यांनी चावी घातली किंवा थोडे थांबले त्यांची वाचली.

अशा प्रसंगी सेफ मोडमध्ये जाण्याची रीत अशी. यंत्र सुरू होताना विंडोजची खूण दिसताच बटण दाबून धरून बंद करावे. असे दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तेथे 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' निवडून यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ४ दाबावा. सेफ मोडमध्ये आल्यावर नुकताच टाकलेला प्रोग्राम काढता येतो. त्याच पानावर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हाही पर्याय असतो.

एक सावधगिरी. पडद्यावर 'मायक्रोसॉफ्टची हेल्पलाइन' म्हणून फोन नंबर दिसला तर ती ठकबाजी समजावी. विंडोजच्या खऱ्या बिघाडाच्या पडद्यावर फोन नंबर नसतो. ४८ अंक फोनवर कोणालाही सांगू नयेत. पैसे गेले असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दुरुस्ती करणाऱ्या तरुणांसाठी

आपल्या वाचकांत संगणक व मोबाइल दुरुस्तीचा व्यवसाय करणारे अनेक तरुण आहेत. गिऱ्हाईक यंत्र देऊन जाते तेव्हा त्याचा हिशेब व त्याच्या घरचे फोटो ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते. म्हणून पावतीवर तीन ओळी छापून घ्याव्यात: डिस्कवर बिटलॉकर आहे की नाही, चावी कोणाकडे आहे, आणि फॉरमॅटला गिऱ्हाइकाची लेखी संमती आहे की नाही. बायोसमध्ये हात घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढावा. पूर्ववत करताना तो फोटोच उपयोगी पडतो. नवा लॅपटॉप विकताना स्वतःचा ईमेल टाकू नये. गिऱ्हाइकाचे खाते त्याच्यासमोर उघडावे आणि चावी छापून त्याच्या हाती द्यावी. हे काम करून देणारा दुरुस्तीवाला भोर-वेल्ह्याच्या लोकांना पुण्याची फेरी वाचवून देतो, आणि असा माणूस गिऱ्हाईक सोडत नाही.

आजच करावयाची कामे

१. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हवर कुलपाचे चिन्ह आहे का पाहावे. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का, हेही पाहावे.
२. चालू असल्यास मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन चावी काढावी, अकराचा हिशेब करावा आणि दोन प्रती लिहाव्यात. एक दुकानाच्या कागदपत्रांत व एक घरी ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. ते कुलपालाच चावी टांगण्यासारखे आहे.
३. खाते दुसऱ्याचे निघाल्यास यंत्र चालू आहे तोवरच स्वतःचे खाते जोडावे, एन्क्रिप्शन बंद करावे, ते पूर्ण उतरू द्यावे व आपल्या खात्याने पुन्हा चालू करावे. नवी चावी नव्याने लिहून घ्यावी.
४. बायोस अपडेट वा सुटा भाग बदलण्यापूर्वी प्रो आवृत्तीत बिटलॉकरचे 'सस्पेंड प्रोटेक्शन' करावे. होम आवृत्तीत एन्क्रिप्शन काही काळ बंद करावे. बायोस अपडेट यूपीएसशिवाय कधीही करू नये.
५. हिशेबाच्या प्रोग्रामची नक्कल रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर घ्यावी, आठवड्याला एक नक्कल घरी न्यावी. हे पेनड्राइव्ह यंत्राला जोडून ठेवू नयेत.
६. मदरबोर्डचा सेल काही वर्षांनी, घड्याळ मागे पडू लागताच, बदलावा.

नक्कल ही सर्वांत मोठी चावी आहे, हे निराळे सांगावयास नको. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ व २० तारखेला जीएसटीआर-३बी ही मुदत असते. 'संगणक फॉरमॅट झाला' ही सबब तेथे चालत नाही. आणि कायद्याचे बाजूला ठेवले तरी, ज्या गिऱ्हाइकाची उधारी वहीतच उरली नाही, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागणी करावयाची? त्याने प्रामाणिकपणे पैसे आणून दिले तरी ते किती, हे आपल्याला सांगता येत नाही. दोघांचाही व्यवहार अडतो.

थोडक्यात, संगणक सुरू झाला नाही तर क्रम असा ठेवावा: फोटो काढा, बदल आठवा, सेटिंग जागेवर न्या, चावी शोधा, नक्कल तपासा. फॉरमॅट या यादीत शेवटी येतो, आणि नक्कल हाती असल्याची खात्री झाल्यावरच येतो. दुकानाच्या शटरची दुसरी चावी आपण घरी जपून ठेवतोच. संगणकाची दुसरी चावी आज रात्रीच कागदावर उतरवून तिच्या शेजारी ठेवावी.